इंदूचा मठार

त्या दुपारी आम्ही दोघांनी मेथी निवडली. थंडीचे दिवस, ओट्यावर ऊन चांगलं आलेलं. मी देठासकट टाकत होतो आणि इंदू माझ्या ढिगातून देठ परत काढत होती, म्हणजे माझं काम ती दुसऱ्यांदा करत होती. लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. तेवढ्यात शेजारची नवी सून नवाकोरा तांब्याचा जग घेऊन आली. अंगावर गोल गोल खळगे, ऊन पडलं की चमचम करणारा. म्हणाली, "काकू, बघा ना, मठारचा जग घेतला. दुकानदार म्हणाला, हाताचं काम आहे." इंदूनं हात पदराला पुसला, जगावरून अंगठा फिरवला, खालून वरपर्यंत. म्हणाली, "छान आहे गं. पण सगळे खळगे सारखेच आहेत. माणसाचा हात असता तर कुठं तरी दमला असता." ती पोरगी हसली, जग घेऊन गेली. मग इंदू माझ्याकडं वळली. "बघितलं? यंत्रानं दाबलं तरी मठार, आणि मी केलं ते ठोकणं." मी म्हणालो, "अजून तेच धरून बसलीस?" "मग काय? मेल्यावर सोडीन." मेथीची पाटी आत ठेवली, जरा पडते म्हणाली, चहाला उठवा म्हणाली. मी चहा केला. कप घेऊन उठवायला गेलो...

ती उठली नाही. डॉक्टर आला, त्यानं हृदय म्हणून सांगितलं. तेव्हापासून घरात माणसांची ये-जा आहे, आणि जो येतो तो म्हणतो, बाई सोशिक होती. सोशिक कसली? लय भांडायची. भाजीवालीशी भांडायची, माझ्याशी तर रोजच. पण तिची सगळी भांडणं संध्याकाळपर्यंत मिटायची, एक सोडून. ते एका शब्दावरचं होतं आणि ते तिच्या जिवंतपणी मिटलं नाही. तेच सांगायला बसलोय. मला लिहायची सवय नाही, चौथीपर्यंतच शाळा, पण हे दुसरं कुणी सांगणार नाही.

आधी मठार म्हणजे काय ते सांगतो, कारण आता आमच्या तांबट आळीतल्या पोरांनासुद्धा माहीत नाही. तांब्याचा पत्रा गोल कापायचा, भट्टीत लाल करायचा, ठोकून त्याचा हंडा करायचा, नाही तर घंगाळ, नाही तर बंब. घाट आला म्हणजे भांडं झालं असं बाहेरच्याला वाटतं. पण ते अजून कच्चं असतं. भट्टीतून निघालेलं तांबं मऊ असतं, अंगठ्यानं दाबलं तर दबेल. त्याच्यावर मग मठार करायचा. लोखंडी दांड्याच्या गुळगुळीत टोकावर भांडं आतून टेकवायचं आणि बाहेरून चकचकीत तोंडाच्या हातोडीनं घाव घालायचे. बुडापासून सुरुवात, एका घावाला लागून दुसरा, ओळीला लागून ओळ, गोल गोल काठापर्यंत. घाव असा की तांबं फुटू नये आणि सुटूही नये. मठार झाला की तेच भांडं कडक होतं, त्याला अंग येतं. आधी टिचकी मारली तर भद्द वाजतं, नंतर मारली तर आवाज किती वेळ आत फिरत राहतो. त्या घावांची नक्षी दिसते ते नंतरचं. ती शोभेसाठी नव्हतीच कधी. भांड्याला पिढ्यान्‌पिढ्या टिकायचं बळ देणं म्हणजे मठार. माझ्या बापानं मला असंच सांगितलं होतं आणि मी असंच करत आलो.

लहान तांब्या-गडवा असला तर एकटा माणूस डाव्या हातानं फिरवतो आणि उजव्यानं मारतो. मोठं भांडं एकट्याला होत नाही. त्याला एक मारणारा आणि एक फिरवणारा लागतो. आळीत बायका भाता ओढायच्या, चिंच लावून भांडी घासायच्या, आणि ज्या घरात माणूसबळ कमी त्या घरात फिरवायलाही बसायच्या. आमच्या घरात मी एकटा, म्हणून इंदू लग्नाच्या पहिल्या वर्षीच बसली. कानाला फडक्याचे बोळे घालून दिले तर काढून फेकले. म्हणाली, ऐकू नाही आलं तर फिरवू कशी? मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. मला वाटायचं, मी मारतो आणि ती धरते.

आळीत माझे चुलते होते, तात्या. सगळ्यांत जुना हात. कुणाचं काम बरं, कुणाचं वाईट, ते तात्या ठरवायचे. ओट्यावर बसून, डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून पलीकडच्या घरातल्या कारागिराला ओरडायचे, "पांडू, तुझी ओळ सुटली रे." आणि सुटलेली असायची. अशा माणसानं एकदा इंदूला, ती नवी होती तेव्हा, सहज म्हणून सांगितलं होतं, "सूनबाई, मारतो त्याचा मठार. फिरवणं ते फिरवणं." तिनं मान डोलावली, डोक्यावरचा पदर सारखा केला. आत येऊन मला म्हणाली, "उद्या मी नाय बसत. बघते कसा होतो मठार." दुसऱ्या दिवशी खरंच बसली नाही. माझं घंगाळ तसंच पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी तिलाच दया आली आणि बसली.

पण खरी गोष्ट नगाऱ्याची आहे. नव्वदनंतरची. तोपर्यंत स्टीलनं आमचं कंबरडं मोडलं होतं, आळीतले निम्मे हातोडे गप्प झाले होते, पोरं सातपूरला कंपनीत लागली होती. अशात एका सकाळी घोटीच्या वरच्या अंगाच्या एका डोंगरातल्या गावाहून माणसं आली. गोणपाटात बांधून त्यांच्या देवीचा जुना नगारा आणलेला. बुडाला चीर गेलेली, काठ विरलेला. त्यांच्यातला म्हातारा, सोमाबाबा, बाजारात फिरून आला होता. म्हणाला, "दुकानात वेल्डिंग मारलेला दावला. वाजिवला तर पत्र्याचा डबा. आमचा नगारा घुमला पायजे, दादा. देव उठला ते खालच्या वाडीला कळाया पायजे." चैत्रात यात्रा होती. तात्या उठून आले, जुन्या नगाऱ्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "हा आपल्या आळीचा नाय. मारणारा डावखुरा होता." सोमाबाबा बघतच राहिला. मी काम घेतलं. इतकं मोठं काम कित्येक वर्षांत आलं नव्हतं. इंदू तर त्या दिवशी जेवलीच नाही नीट, सारखी उठून त्या फुटक्या नगाऱ्याला टिचकी मारून येत होती.

घाट उत्तम आला. भट्टीवर लाल करायचा, ठोकायचा, परत लाल करायचा. कढई उलटी घातल्यासारखा एवढा थोरला नगारा आमच्या सबंध खोलीत मावेना, बाजेची जागा त्यानं घेतली. आता मठार तेवढा राहिला. आणि नेमका मी नदीच्या, आमच्या गंगेच्या, उतारावर सायकलवरून पडलो, कोळशाच्या पोत्यासकट. उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं बसवला पण हात गळ्यात बांधला, म्हणाला, यात्रा होईपर्यंत हातोडी दिसली तर दुसराही मोडीन.

तात्यांचा मुलगा वसंत, माझा चुलतभाऊ, चांगला मारणारा होता. तात्या म्हणाले, वसंत मारेल, सूनबाई फिरवेल. बसले दोघं. बुडाच्या ओळी झाल्या आणि इंदू थांबली. "भावजी, तुम्ही घाईत आहात." वसंत म्हणाला, "वहिनी, तुम्ही धरा नुसतं, बाकी माझ्यावर सोडा." परत सुरू. परत थांबली. ओळीवर बोट ठेवून दाखवलं. एका जागी घावावर घाव पडलेला, शेजारी एक जागा कोरी राहिलेली. वसंत म्हणाला, फिरवण्यात चुकलं. इंदू म्हणाली, "मी ह्यांच्या हाताला फिरवते. तुमचा हात मला ऐकू येत नाय." वसंतनं हातोडी खाली ठेवली. रागावला नाही, तो तसा सरळ माणूस. पण नगारा अडकला. भट्टी विझलेली, यात्रा डोक्यावर आणि मी हात बांधून बसलेला.

तेव्हा इंदूनं पदर खोचला आणि हातोडी उचलली.

मी सांगतो, आळीत कुणी हे पाहिलेलं नव्हतं. बाईनं हातोडी धुवावी, द्यावी, पण मारायला बसावं असं नव्हतं. मला म्हणाली, "तुमचा डावा हात धड आहे. गुडघे लावा आणि फिरवा." तात्या ओट्यावरून ओरडले, "सूनबाई, काय मांडलंय हे?" ती म्हणाली, "मठार करतेय, तात्या." "बाईच्या हातचा मठार नसतो. ठोकणं म्हण." आता सगळी आळी दारात आली. कुणी शिजत टाकलेलं सोडून आलं. इंदूनं डोक्यावरचा पदर नीट केला, आवाज जरासुद्धा चढवला नाही. "नाव तुम्ही काय ते ठेवा, तात्या. नगारा मी करते."

आणि सुरू झालं. पहिले घाव हलके, चाचपत. मग तिला तिची चाल सापडली. माझ्यासारखी नव्हती ती, माझ्यापेक्षा बारीक आणि जवळ जवळ, पाऊस पत्र्यावर धरतो तशी सारखी. आणि मी? मी फिरवत होतो आणि माझी फजिती चालली होती. वाटलं होतं, धरायचं आणि सरकवायचं, त्यात काय. जरा जास्त सरकलं की घाव रिकाम्या जागेत. जरा कमी सरकलं की घावावर घाव. वरून नगाऱ्याचं वजन, आतून दांड्याच्या टोकाला तो सारखा टेकलेला पाहिजे, नाही तर घाव पोकळ जातो आणि तांबं ओरबाडतं. हातोडी वर गेली की सरकवायचं, खाली यायच्या आत थांबायचं. ती मला बोलत होती, "हळू. आता पुढं. अहो, थांबा, थांबा म्हणते ना. इतकी वर्षं नुसतं मारलंत, बघितलं नाय कधी?" दारातल्या बाया हसत होत्या. शेजारची गंगूमावशी म्हणाली, "इंदे, नवरा नवीन दिसतोय, सांभाळून घे." मला घाम फुटला होता आणि खरं सांगू, मला इतका आनंद आयुष्यात कमी वेळा झाला. पहिल्यांदा कळत होतं, माझा हात एका जागी वर-खाली होत होता इतकी वर्षं. घाव कुठं पडायचा ते ही ठरवत होती. मठाराची ओळ माझ्या हातोडीनं कधी चाललीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझा हात बसला. तिसऱ्या दिवशी आम्ही बोलायचंही सोडलं, नुसता आवाज. तात्या ओट्यावर पाठ करून बसलेले. पण मी बघत होतो, म्हाताऱ्याची मान त्या चालीवर हलत होती. काठाची शेवटची ओळ आली तेव्हा वसंत आत येऊन समोर बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून. इंदूनं शेवटचा घाव घातला, हातोडी ठेवली, आणि मधल्या बोटानं टिचकी मारली. आवाज खोलीतून निघाला, आळीत गेला... तात्यांची मान हलायची थांबली.

सोमाबाबा नगारा घेऊन गेला, कातडं त्याच्या गावच्या माणसानं चढवलं. यात्रेला आम्हाला बोलावणं होतं. घोटीपर्यंत एसटी, पुढं जीप, माणसं टपावर. तात्याही निघाले, कुणी म्हटलं नव्हतं तरी. म्हणाले, हवा बदल. देवळापुढं नगारा ठेवलेला, हार घातलेला. सोमाबाबानं टिपऱ्या हातात घेतल्या, देवीकडं बघितलं आणि पहिला टोला हाणला. अहो, तो आवाज छातीत शिरला. समोरच्या डोंगराला जाऊन परत आला, आणि परत येईपर्यंत दुसरा टोला पडला. खालच्या वाडीची माणसं बांधांवरून पळत वर यायला लागली. नागलीच्या रिकाम्या वावरातून पोरंसोरं, म्हातारी माणसं, सगळी. इंदूनं माझा बांधलेला हात घट्ट धरला होता, दुखत होता तरी मी सोडवला नाही. तात्या आमच्या शेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ ऐकून म्हणाले, "वाजतोय."

इंदू म्हणाली, "ठोकलेलाच हाय तात्या, मठारलेला थोडाच हाय."

तात्या हसले. खदखदून हसले, दात नव्हते तरी. पण तो शब्द काही उच्चारला नाही. पुढं कुणी विचारलं की तो घोटीकडचा नगारा कुणाचा, तर तात्या सांगायचे, "आमच्या सूनबाईचं काम आहे ते." काम म्हणायचे, मठार नाही म्हणाले. जाईपर्यंत नाही. इंदू त्यांचं सगळं करायची, शेवटी भरवायचीसुद्धा तीच, आणि भरवता भरवता म्हणायची, "म्हणा की एकदा." म्हातारा तोंड मिटून घ्यायचा. तेवढ्यावर दोघं हसायचे.

नंतर आळी विझत गेली. वसंतनं गावातल्या द्वारका चौकाजवळ भांड्यांचं दुकान टाकलं, त्याचं बरं चाललं. तिथं यंत्रानं खळगे पाडलेले तांबे, जग, बाटल्या आल्या, आणि वरती पाटी लागली, मठार भांडी. इंदू एकदा गेली दुकानात, मी बरोबर होतो. पाटीखाली उभी राहून म्हणाली, "भावजी, हा तांब्या कुणी मारला?" वसंत म्हणाला, "वहिनी, गिऱ्हाईक असंच मागतं. मठार म्हटलं की घेतं." "मग मला पण पाटी लावा, मी पण खपेन." वसंतनं चहा मागवला. तिनं चहा घेतला आणि जाताना एक तांब्या उपडा करून ठेवला, म्हणाली, बूड तरी बघत जा. त्यानंतरही हिची माझी जोडी लहानसहान काम करत राहिली, पूजेची ताम्हनं, एखादा बंब दुरुस्तीला. आलटून पालटून. कधी ती मारायची, मी फिरवायचो. खांदा नंतर कधी पूर्ण वर गेलाच नाही माझा, आणि खरं म्हणजे मला फिरवणंच जास्त आवडायला लागलं होतं.

ती दुपारी गेली. मंगल, आमची मुलगी, सिन्नरहून यायची होती, तिचा मुलगा पुण्याहून, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं. रात्रभर माणसं बसून होती. उजाडलं आणि मला कसं तरी व्हायला लागलं, का ते कळेना. मग कळलं. बाहेर नेहमीसारखं चाललं होतं. दूधवाला, रिक्षा, कुणाचा तरी रेडिओ. आमच्या आळीत पूर्वी कारागीर गेला की सगळे हातोडे थांबायचे. सांगायला लागायचं नाही. सकाळी सगळी आळी वाजत असायची आणि एकदम थांबली की पार गंगेवर कपडे धुणाऱ्या बायांनाही कळायचं, तांबटांचा कोणी तरी गेला. तात्या गेले तेव्हा उरलेसुरले हातोडे थांबले होते. बाई गेली तर थांबत नसत, फक्त तिच्या घरचा थांबायचा. इथं घरचा तर मी. आणि आळीत एकही हातोडा चालू नव्हता, मग थांबणार काय?

मी उठून मागच्या खोलीत गेलो. एक ताम्हन होतं अर्धं, ते दांड्यावर टेकवलं आणि मारायला लागलो. खांद्यातून कळ आली. बाहेर कुजबूज झाली. मंगल आली, "बाबा, काय करताय? लोक काय म्हणतील, सुतक आहे." मी म्हणालो, म्हणू दे. तिला कुणी तरी बाहेर नेलं. म्हातारा वेडा झाला असंच वाटलं असणार सगळ्यांना. मी मारत राहिलो. एकट्याचा आवाज, ओळ कुठं चाललीय तेही दिसेना... मग दारात वसंत दिसला. दुकान न उघडता आला होता. चपला काढल्या, समोर बसला, ताम्हन दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवायला लागला. वाईट फिरवलं, सवयच नव्हती त्याला. पण आवाज भरला. आळीच्या तोंडापर्यंत गेला असणार, कारण खिडक्या उघडल्याचं ऐकू आलं.

पुरेसा वाजला असं वाटलं तेव्हा मी हात उचलला आणि थांबलो. वसंतनंही हात काढले. एकदम शांत झालं.

रस्त्यावरून जाणारा कोणी तरी जुना माणूस थांबला होता. त्यानं दारातून आत डोकावून विचारलं, "कोण गेलं हो तुमच्यातलं?"

वसंतनं सांगितलं, "आमची वहिनी. मठार करायची."